बघितलं की जातं

दृष्ट लागते, ही गोष्ट आमच्या पाठ्यचित्र मंडळाने प्रयोगशाळेत सिद्ध केली. अर्थात, मंडळाने ती या शब्दांत सांगितली नाही. सुंदर वस्तूकडे कोणी टक लावून पाहिले की ती झुरत जाते, असे आमच्या आज्या म्हणत, तेव्हा त्यांना अडाणी ठरवण्यात आले. मंडळाने तेच अवरक्त किरणांच्या साहाय्याने घडवून आणले, तेव्हा त्याला ‘अध्ययनसुधार’ असे नाव मिळाले आणि कोल्हापुरात त्यासाठी एक वातानुकूलित इमारत उभी राहिली.

मी, वैजयंती तारळेकर, आयुष्यभर मुलांच्या आणि शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत आले. पुस्तकांतल्या चित्रांच्या इतिहासावर माझा एक जाडजूड प्रबंधही आहे. तो मंडळाच्या ग्रंथालयात मानाने ठेवलेला असून त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. या दोन कारणांमुळे मंडळ मला ‘ज्येष्ठ तज्ज्ञ’ म्हणते. आमच्याकडे हे संबोधन, ज्याचे ऐकायचे नाही अशा माणसासाठी राखून ठेवलेले असते.

ज्या वर्षी मंडळाने नव्या पाट्या शाळाशाळांत वाटल्या, त्याच वर्षी माझ्या आठ वर्षांच्या नातीने, मृदाने, माझ्याकडे पाहणे बंद केले. या दोन घटनांचा संबंध लागायला मला फार उशीर झाला.

पाटी हे नाव जुने, वस्तू नवी. मुलांच्या दप्तरांत आता पुस्तके नसतात, कागदासारखा दिसणारा एक पातळ फलक असतो आणि सगळे धडे त्यावर उमटतात. फलकाच्या वरच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढा कॅमेरा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे. तो कॅमेरा मुलाच्या बुबुळांवर नजर ठेवून असतो.

यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्या नखाच्या रुंदीएवढाच काय तो जगाचा तुकडा आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो. नेत्रपटलाच्या मधोमध एक इवलासा खळगा आहे, बारकावे टिपण्याचे काम तेवढाच करतो. बाकीचे दृश्य धूसर असते आणि मेंदू ते अंदाजाने पुरे करून घेतो. म्हणून डोळा सतत उड्या मारतो: इथे टेकला, तिथे टेकला, परत आला. या उड्या आणि हे मुक्काम मोजले, की माणसाला चित्रात काय हवे आहे ते त्याला न विचारता कळते. मोठ्या दुकानांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मंडळाने त्यापुढे एक पाऊल टाकले. धड्याला मुलाची नजर विहिरीवर हवी असेल आणि ती शेळीवर मुक्काम करत असेल, तर पाटी शेळीला फिकी करते. पहिल्या वाचनात तिच्या अंगावरचे केस जातात, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात बाह्यरेषा. चौथ्या वेळी मूल पाटी उघडते तेव्हा शेळीच्या जागी जमीन असते, आणि तीही अगदी नीट रंगवलेली.

गुण वाढले. हे मी नाकारत नाही. ते कशाचे, एवढेच मी विचारत असे.

“मॅडम, तुमची शेळी फार गळते,” डॉ. पराग उमराणीकर मला पहिल्याच आढाव्याच्या बैठकीत म्हणाले. ते मंडळाच्या दृष्टिविभागाचे प्रमुख. माणूस हसतमुख, हुशार, मोठ्यांशी अदबीने वागणारा. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. धड्याबाहेर वाया जाणाऱ्या नजरेला ते गळती म्हणत. पडद्यावर माझे तिसरीच्या ‘पाणी कोठून येते’ या धड्याचे चित्र होते: विहीर, ओढा, सार्वजनिक नळ, सिमेंटची टाकी. टाकीच्या कठड्यावर चढून कोणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल खाणारी शेळी मी कोपऱ्यात काढली होती. मुलांची नजर जिथे जास्त टेकली तिथे लाल ठिपके उमटवण्याची सोय होती, आणि कर्मचारी त्याला पुरळ म्हणत. शेळीच्या अंगभर पुरळ उठली होती. विहिरीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

“शेळी पाणी देते का?” अध्यक्ष निंबाळकर साहेबांनी विचारले. ते निवृत्त प्राचार्य होते आणि अजूनही सगळ्या प्रश्नांची उत्तरे एका शब्दात मागत.

“पिते,” मी म्हणाले.

“मग ती धड्यात बसत नाही.”

“साहेब, मूल विहिरीपाशी जाईल ते शेळीच्या मागे धावत जाईल. चित्राचं तेच तर काम आहे. हाताला धरून आत नेणारं कोणीतरी लागतं.”

“धड्यात आत कशाला जायचंय?” साहेब म्हणाले. “बाहेरून समजतोय की.”

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. समितीसमोर चित्र ठेवताना त्यात एक ढळढळीत चूक मुद्दाम सोडायची. एखाद्या गृहस्थाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे काढायची, किंवा सायकलचे पायडल गायब करायचे. समिती ती चूक पकडते, बैठकीचे सार्थक होते आणि उरलेले चित्र सुखरूप सुटते. आम्ही तिला तीट म्हणतो. तान्ह्या बाळाच्या गालावर लावतात तीच. माझी निम्मी कारकीर्द या तिटेने तारली आहे. या खेपेला नळावरच्या बाईंना मी एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घातला होता. समितीने तो पकडला, अर्धा तास चर्चा केली आणि तृप्त झाली. पण यंत्राला पुरुषार्थ गाजवायचा नव्हता. त्याने बुटाकडे दुर्लक्ष केले आणि शेळी खाल्ली.

राज्यभर लाखो पाट्यांवरून ती शेळी एकेका मुलाच्या नजरेने पुसली गेली. ज्याने जास्त प्रेमाने पाहिले त्याची आधी.

याच सुमारास एके सकाळी चहा घेताना माझी मुलगी शाल्मली म्हणाली, “आई, तुझ्या लक्षात आलंय का, मृदा आपल्याकडे बघत नाही.”

शाल्मली दंतवैद्य आहे. दिवसभर लोकांच्या तोंडांत पाहत असल्यामुळे तिला चेहऱ्यांबद्दल फारसे कुतूहल उरलेले नाही. तिच्याही ध्यानात आले म्हणजे प्रकरण गंभीर असणार, हे मी समजायला हवे होते.

“लाजत असेल. या वयात होतं.”

“तुझ्याकडे बघून लाजेल? तुझ्या मांडीवर वाढली ती. काल मी जेवायला हाक मारली तर भिंतीवरच्या स्विचकडे बघत ‘आले’ म्हणाली. मांजराला दूध घालते, पण त्याच्याकडे पाठ करून.”

“बिडकरकाकूंकडे बघते की. परवा जिन्यात चांगली टक लावून बघत होती.”

“तेच तर म्हणते मी. बिडकरकाकू गालाला चिमटे काढतात म्हणून ती त्यांना बघून पळायची. त्या कधीपासून आवडायला लागल्या?”

शाळेच्या समुपदेशकाकडे तिला नेले. त्याने मृदाला तासभर बोलते केले आणि निर्वाळा दिला की मूल उत्तम आहे, बोलताना थेट डोळ्यांत पाहते. शाल्मलीने मला हे सांगितले तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. त्या खोलीत निदान आम्हाला तरी ते जमत होते.

मी माझ्या पद्धतीने उपाय शोधू लागले, म्हणजे वाचू लागले. मुले नजर का टाळतात यावर जगात केवढे तरी लिहिले गेले आहे. भय, अपराधभाव, मेंदूची जडणघडण, आईबापांची भांडणे, घरातला मृत्यू. मृदाचे आजोबा जाऊन वर्षच झाले होते, त्यामुळे शेवटच्या कारणाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि पान उलटले. पुराणकाळच्या ग्रीक वैद्यांना वाटत असे की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात. हेही मी पुन्हा वाचले आणि एखाद्या प्राध्यापिकेला शोभेल असे सौम्य स्मित केले. उत्तर माझ्या हातात होते. मी त्याला तळटीप समजले.

दरम्यान, मृदा माझ्या चित्राच्या टेबलापाशी रोज येत होती, स्टुलावर बसत होती, शाळेतल्या गमती सांगत होती, आणि हे सगळे ती माझ्या पाण्याच्या वाटीला सांगत होती. माझ्या चेहऱ्यावर तिची नजर चुकून पडलीच तर गरम तव्याला हात लागल्यासारखी ती मागे घेई. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याची मुलांना किळस येते असे कुठेसे वाचले होते. मी आरशात पाहिले आणि त्या लेखकाशी वाद घालता आला नाही.

चिडलेला माणूस कामात सूड शोधतो. ‘आठवडी बाजार’ या पुढच्या धड्यात मी तीच शेळी परत काढली, मुद्दाम आधीपेक्षा सुरेख. तिच्या डाव्या कानाला खाच दिली. भाजीवालीची पाठ वळलेली पाहून ती मेथीच्या जुडीकडे मान लांबवते आहे, असे दाखवले. पुसा, म्हटले, किती पुसता ते पाहू.

ती पुसली गेली नाही.

“अभिनंदन मॅडम,” उमराणीकरांचा फोन आला. “पुरळ गेली. पूर्ण चित्रात शेळीवर एक डाग नाही. काय केलंत?”

“काही नाही. जास्त चांगली काढली.”

“मग नजर जायला हवी होती ना तिच्यावर. जात नाहीये. मुलांना ती कंटाळवाणी वाटते असं दिसतंय. निरुपद्रवी पार्श्वभूमी म्हणून पाटीनं ती ठेवून दिली.” मग ते म्हणाले, “एकच गंमत आहे. मुलं पान क्रमांकाकडे फार बघताहेत.”

“कशाकडे?”

“पान क्रमांक. खाली कोपऱ्यात, चित्राबाहेर असतो तो, म्हणून पाटी त्याला हात लावत नाही. सगळी नजर तिथं.”

पुढच्या बैठकीत समितीने या निष्कर्षावर साकल्याने विचार केला. मुलांमध्ये अंकांची आवड वाढीस लागली आहे, असे ठरले. एका सदस्याने हे नव्या गणित अभ्यासक्रमाचे फळ असल्याचे सांगितले. निंबाळकर साहेबांनी पान क्रमांक मोठ्या आणि ठळक टाइपात छापण्याची सूचना मांडली, ती एकमताने संमत झाली. मी त्या खोलीत बसून माणसाच्या बुद्धीच्या इतिहासाचा विचार करत होते आणि मला तो छोटा वाटू लागला होता.

मी शाळेत गेले. मृदाचीच शाळा, मृदाचा वर्ग नव्हे, शेजारची तुकडी. वर्गशिक्षिका रुकैया मुलाणी माझ्या ओळखीच्या होत्या. चित्रांबद्दल स्वतःहून दोन शब्द कळवणाऱ्या ज्या मोजक्या शिक्षिका मला आयुष्यात भेटल्या, त्यांतल्या त्या एक.

“बसा की बाई,” त्या म्हणाल्या. “मागच्या बाकावर बसा. काही बोलू नका.”

धडा सुरू झाला. मुलांनी पाट्या उघडल्या आणि सगळ्या माना एकाच कोनात झुकल्या. सगळ्यांचे डोळे खालच्या उजव्या कोपऱ्यावर खिळले. इतका एकाग्र वर्ग मी कधी पाहिला नव्हता, आणि त्या एकाग्रतेत पहाऱ्यावर उभे राहिल्याचा ताठपणा होता.

“श्रावस्ती, बाजारात काय काय आहे गं?” मुलाणी बाईंनी विचारले.

श्रावस्तीने कोपऱ्यावरची नजर न काढता सांगितले, “भाजीवाली, वजनकाटा, टोपल्या, शेळी. शेळीच्या डाव्या कानाला खाच आहे. ती मेथी खाणार आहे, पण अजून नाही खाल्ली.”

“आणि शेपूट?” एक मुलगा डोळे न हलवता म्हणाला. “वर केलीय तिनं. म्हणजे खाणारच.”

तास संपल्यावर मुलाणी बाई मला व्हरांड्यात घेऊन आल्या.

“हे कोणी शिकवलं त्यांना?” मी विचारले.

“कोणी नाही ओ. एकीच्या ध्यानात आलं, की ज्याच्याकडं बघेल तेच जातंय. मग मधल्या सुट्टीत एकमेकांना शिकवलं. आवडतं त्याच्याकडं बघायचंच नाही. डोळ्याच्या कडेनं घ्यायचं, आणि बघताना दुसरीकडं बघायचं. पान क्रमांक कोणाच्या कामाचा नाही, म्हणून तो ठरला.”

“तुम्ही मंडळाला कळवलं नाही?”

“कळवून काय करायचं?” मुलाणी बाई शांतपणे म्हणाल्या. “पुसणारं यंत्र बंद करतील असं वाटतंय तुम्हाला?”

लहान मुलांनी, कोणी न शिकवता, स्वतःची तीट शोधून काढली होती. अभिमानाने माझा ऊर भरून यायला हवा होता. मुलाणी बाईंच्या पुढच्या वाक्याने ते राहून गेले.

“फक्त एक होतंय बाई. त्यांना आता सवय लागलीय. घरी पण तसंच करतात. आयाबाया येतात विचारायला, पोर आमच्याकडं बघंना. मला वाटतं, ज्यांच्या आया विचारायला येत नाहीत त्यांची काळजी करावी.”

रिक्षात बसल्यावर मी रिक्षावाल्याला पत्ता सांगायला विसरले.

संध्याकाळी मृदा नेहमीप्रमाणे माझ्या टेबलापाशी येऊन बसली आणि एका माशाला केशरी रंग देऊ लागली. मी प्रश्न सोपा ठेवला.

“तू बाजारातल्या शेळीकडे बघत नाहीस ना?”

“नाही.”

“का गं?”

“बघितलं की जातं.” हे तिने पावसाळ्यात छत्री न्यावी लागते इतक्या साधेपणाने सांगितले.

“आणि माझ्याकडे?”

तिने खडू जोरात दाबला. माशाचे पोट गडद झाले.

“आजोबांकडे मी रोज बघायचे,” ती म्हणाली. “दवाखान्यात. आई म्हणायची, बघ आजोबांकडे, त्यांना बरं वाटेल. मी खूप बघितलं.”

“आजोबा आजारी होते, मृदा. बघण्यानं काही झालं नाही.”

“माहितीये मला.”

“आणि मी काही पाटीवरचं चित्र नाही.”

“माहितीये.” तिने खडूच्या टोकावरचा रंग कागदाच्या कडेला पुसला. “तरी पण.”

‘तरी पण’ हा युक्तिवाद माझ्या प्रबंधात कुठेही नाही.

शाल्मलीला मी सगळे सांगितले. तिने आधी शांतपणे ऐकून घेतले, मग उठून स्वयंपाकघराचे दार लावले, म्हणजे मृदाला ऐकू जाऊ नये.

“उद्या जाऊन सांग त्यांना,” ती म्हणाली. “अख्ख्या राज्यातली मुलं आपल्या माणसांकडे बघायची थांबलीत. यापेक्षा मोठं कारण काय हवंय त्यांना?”

“सांगितलं तर ते पुसणं थांबवणार नाहीत. उमराणीकरांकडे पाटीसाठी तपासणीचा आणखी एक थर तयार आहे. ‘अंतर्दृष्टी’ म्हणतात त्याला. डोळा स्थिर असला तरी आत थरथरत असतो. लक्ष ज्या बाजूला असतं त्या बाजूला ती थरथर झुकते, आणि आवडतं काही जाणवलं की बाहुली किंचित मोठी होते. हे माणसाच्या हातात नसतं. म्हणजे मूल नजर वळवून बघत असलं तरी यंत्राला कळणार. आत्ता तो थर बंद आहे, कारण मुलं फसवतात हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं की तो चालू होईल. मुलांनी जे थोडंसं वाचवलंय तेही जाईल.”

“शेळी जाईल.”

“फक्त शेळी नाही गं.”

“आई, तू चित्रांसाठी लढतेयस. मी मुलीसाठी विचारतेय.”

“आपल्याला हवं ते जपायला मुलांना ती चित्रं हीच एक जागा उरलीय.”

“जपायची? ती माझ्याकडे बघत नाही.” शाल्मलीचा आवाज चढला नाही, तिचा आवाज चढत नाही, धारदार होतो. “तुझ्या शेळीच्या कानाची खाच तिला पाठ आहे. मी आज केस कापून आले, तिला कळलं की नाही ते मला माहीत नाही. तू गप्प बसलीस ना, तर मी तिला घेऊन सोलापूरला जाते, नितीनकडे. तिथल्या एका शाळेत पाट्या अजून आलेल्या नाहीत.”

नितीन माझा जावई, नोकरीसाठी तिकडे राहणारा. शाल्मली पोकळ धमक्या देत नाही.

मी विचार करायला वेळ मागितला आणि तो वेळ रागावण्यात घालवला. बोलले तर राज्यातल्या यच्चयावत मुलांच्या पानांवरून उरलेसुरले सगळे जाणार. गप्प राहिले तर त्याच मुलांच्या घरांतून नजर जाणार, आणि माझ्या घरातून नातच. शेवटी मी बोलायचे ठरवले. त्याचे समर्थन मी तत्त्वाने करू शकते, पण ते खोटे होईल. मृदाने माझ्याकडे पाहावे एवढेच मला हवे होते.

बैठकीत मी उभी राहिले. पुसण्याची योजना संपूर्णपणे बंद करावी, ही माझी मागणी मी सुरुवातीलाच मांडली आणि मग कारण सांगितले: मुले काय करतात, कशी करतात, घरी त्याचे काय झाले आहे. आजोबांचा भागही सांगितला. तो सांगताना माझा आवाज स्थिर होता, याचा मला अजून राग येतो. सदस्यांनी आपापल्या कागदांकडे नजर वळवली. कोणाला तरी लाज वाटली असावी, असे मी गृहीत धरले.

“म्हणजे पान क्रमांकाचं गणिताशी काही नाही,” निंबाळकर साहेब म्हणाले.

“नाही.”

“आपण तो मोठा केला.”

“हो.”

त्यांनी उमराणीकरांकडे पाहिले. उमराणीकर मात्र माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आदर होता.

“मॅडम, हे फार महत्त्वाचं आहे,” ते म्हणाले. “वर्षभराच्या माहितीत एवढी मोठी त्रुटी होती आणि आम्हाला दिसली नाही. मूल जिथं बघतं तिथं त्याचं लक्ष असतं, हे गृहीतकच चुकलं आमचं.”

“त्रुटी माहितीत नाही, पराग. मुलं आईच्या तोंडाकडे बघत नाहीत.”

“तेही सुधारेल. बघा ना, मुलं नजर का चोरतात? कारण चोरण्याचा उपयोग होतो. अंतर्दृष्टी चालू केली की उपयोग होणार नाही. उपयोग नसला की सवय मोडेल. तुमचं आणि आमचं उद्दिष्ट एकच आहे.”

त्या वाक्यात तर्काची चूक नव्हती. चूक असती तर मी दोन मिनिटांत ती दाखवून दिली असती. मला त्याचेच शिक्षण मिळालेले आहे. मी पुन्हा तीच मागणी मांडली. साहेबांनी ती सौजन्याने ऐकून घेतली आणि ज्येष्ठ तज्ज्ञांच्या भावनांची सभेने नोंद घेतल्याचे सांगितले. मग माझ्या आभाराचा ठराव झाला.

अंतर्दृष्टीचा थर नव्या सत्रापासून सगळ्या पाट्यांवर चालू झाला.

मृदा माझ्या टेबलापाशी बसून बाजाराचा धडा वाचत होती. डोळे पान क्रमांकावर होते, शाळेत शिकलेल्या शिस्तीने. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. आधी मेथीकडे वळलेल्या मानेवरचे केस गेले.

“मी बघत नव्हते,” मृदा पाटीला म्हणाली. अन्याय करणाऱ्या बाईंना सांगावे तसे.

तिने पाटी तिरकी धरली. एक डोळा मिटून पाहिला. दुसऱ्या दिवशी ती मनातल्या मनात पाढे म्हणत वाचायला बसली, म्हणजे शेळी मनातही येऊ नये. शेळीचा तपकिरी रंग उतरून पानावर फक्त रेषा राहिल्या.

“मनात पण नाही आणायची?” तिने मला, म्हणजे माझ्या पाण्याच्या वाटीला, विचारले. “ते कसं करतात?”

“करता येत नाही,” मी म्हणाले. मुलांशी खोटे बोलू नये असे माझे मत आहे, आणि ते मत माझ्या फार उपयोगी पडलेले नाही.

मग एके दुपारी शाळेतून आल्यावर तिने पाटी टेबलावर सपाट ठेवली, दोन्ही कोपरे टेकवले आणि शेळीकडे सरळ पाहू लागली. उरलेल्या रेषांकडे, खाच असलेल्या कानाकडे, वर केलेल्या शेपटीकडे. तिने घाई केली नाही. बाजूला भाजीवाली आपली मेथी विकत होती. शेवटची रेघ जमिनीत मिसळली तेव्हा मृदाने पाटी बंद केली आणि दप्तरात नीट ठेवली.

त्यानंतर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

वर्षभरात पहिल्यांदाच. मी अर्धवट रंगवलेल्या एका बैलगाडीवर वाकले होते. हलले तर ती दचकेल, या भीतीने तशीच राहिले. तिची नजर माझ्या कपाळावर, भुवईवर, नाकावर, ओठांच्या कडेच्या सुरकुत्यांवर एकेक मुक्काम करत होती.

“काय बघतेस?”

“तुझ्या भुवईत एक पांढरा केस आहे. लांब, वर गेलेला.” ती जवळ सरकली. “माहीत होता मला. पण कडेनं नीट दिसायचा नाही.”

“आता बघायचं ठरवलंस?”

“न बघून पण जातंच की,” मृदा म्हणाली. “मग बघून घेते.”

आतल्या खोलीत शाल्मली कोणाशी तरी फोनवर बोलत होती. तिने अजून हे पाहिले नव्हते. पाहील तेव्हा ती आनंदाने रडेल, समुपदेशकाला कळवेल आणि सोलापूरचे नाव काढणार नाही. उमराणीकरांच्या तक्त्यात सवय मोडल्याचा आकडा एकाने वाढेल.

मी ब्रश खाली ठेवला, चष्मा काढला आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड केले, म्हणजे तिला नीट दिसावे.